नथ घातलेला शिपाई

सन्माननीय अध्यक्ष मधुकरराव वकीलसाहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले प्रमुख पाहुणे, युद्धस्मारक समितीचे सर्व सभासद, समोर खुर्च्यांवर बसलेले प्रतिष्ठित नागरिक, त्यांच्या मागे सतरंजीवर बसलेले माझे विणकर बांधव, डाव्या हाताला बसलेल्या माता-भगिनी, आणि जागा न मिळाल्यामुळे शाळेच्या भिंतीवर चढून बसलेले सर्वजण (भिंत नवी आहे, जरा सांभाळून), आपणां सर्वांना जागेश्वर मास्तराचा नमस्कार.

प्रथम आभार. ते आधीच मानून घेतो, कारण आज मला जे बोलायचं आहे ते बोलून झाल्यावर आभार मानायची संधी मिळेल की नाही, सांगता येत नाही. समितीने आत्ताच माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. आमच्या मंडळाने या मदतीच्या कार्यक्रमासाठी एक पैसा न घेता खडी गंमत करायचं कबूल केलं, त्याबद्दलचा हा सत्कार. उत्तरादाखल मी दोन शब्द बोलावेत आणि मग खेळ सुरू व्हावा, असं पत्रिकेत छापलं आहे. वकीलसाहेबांनी मघाशी कानात सांगितलं, मास्तर, थोडक्यात. साहेब, मी आयुष्यभर म्युनिसिपालिटीच्या शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळला. तिसरीच्या मास्तराला थोडक्यात काही सांगता येत नाही. एकच गोष्ट चार वेळा सांगावी लागते, तेव्हा कुठे मागच्या बाकावर पोचते.

पाहुणे बसले आहेत म्हणून मी शाळेतली भाषा बोलतो आहे. पण राग आला की माझी जीभ घराकडे वळते. तसं झालं तर समजून घ्या.

आमच्या खेळाबद्दल आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. समितीचा पहिला विचार संगीत नाटकाचा होता. एका मोठ्या कंपनीला पत्र गेलं, कंपनीचं उत्तर आलं, आणि ते उत्तर वाचून समितीला एकदम स्थानिक कलावंतांची आठवण झाली. आम्हाला त्याचा राग नाही. पत्रिकेत मात्र 'लोकनाट्य' असं छापलं आहे. का, तर खडी गंमत म्हटलं की बायामाणसं येणार नाहीत अशी काहींना शंका होती. डाव्या हाताला पहा. आमच्या बाया उन्हं कलण्याआधीच येऊन बसल्या आहेत. आम्ही उभ्याने करतो म्हणून ती खडी गंमत. गेल्या तीन पिढ्या या मोहल्ल्यात हातमागावर जितकी लुगडी विणली गेली, तितक्याच गौळणी गायल्या गेल्या. दिवसभर मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या माणसाला संध्याकाळी उभं राहावंसं वाटतं, आमच्या कलेचं एवढंच शास्त्र आहे.

आता स्मारकाबद्दल. या स्मारकाला विरोध झाला नाही असं नाही. दोन वर्षांपूर्वी पहिली सभा याच शाळेत भरली, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, ही पोरं इंग्रजाच्या फौजेत गेली, इंग्रजासाठी मेली, आता देश स्वतंत्र झाल्यावर त्यांच्या नावाचा दगड कशाला उभारायचा? मी त्यांना विचारलं होतं, लढाईच्या दिवसांत तुमच्या घरी चूल पेटत होती का? आमच्याकडे पेटत नव्हती. बाजारात सूत नव्हतं. सूत नाही तर माग नाही, माग नाही तर पोटाला नाही. मोहल्ल्यात माग होते तसे उभे होते आणि त्यांच्यावर कोंबड्या बसत होत्या. तेव्हा भरतीचा माणूस आला आणि म्हणाला, दोन वेळ जेवण, अंगावर कपडा आणि घरी मनिऑर्डर. आमची पोरं गेली. हातात बंदूक मिळेल असं वाटत होतं, मिळालं फावडं. आसामच्या पलीकडे, ब्रह्मदेशाच्या डोंगरातून फौजेसाठी रस्ता काढायचा होता, तो त्यांनी काढला. या मोहल्ल्यातून गेलेल्यांपैकी पाच परत आले नाहीत. आता सांगा, त्यांनी कोणाचा झेंडा निवडला होता? त्यांनी आपल्या आयांची चूल निवडली होती.

त्या सभेत वकीलसाहेब आमच्या बाजूने उभे राहिले, हे मी विसरलेलो नाही. स्मारक होणार तर होणारच, असं ते म्हणाले आणि त्यांनी ते तडीस नेलं. मनाने ते चांगले आहेत. म्हणूनच आज मी त्यांच्याशी भांडायला उभा आहे. ज्याच्याकडून काही होणार नाही, त्याच्याशी भांडून काय उपयोग?

घड्याळ पाहू नका, साहेब. अजून मुद्द्यावर आलो नाही.

माझ्या मागे पडद्यावर पाच फोटो लावले आहेत. हार घातले आहेत, खाली समया आहेत. उजवीकडचा शेवटचा फोटो सर्वांनी जरा नीट पहा. खाकी कोट, पितळी गुंड्या, डोक्यावर टोपी, आणि ओठांवर झुबकेदार मिशी. खाली नाव आहे, कै. ईश्वरदास. सतरंजीवरच्या मंडळींनो, हसू नका. ज्या चित्रकाराने ती मिशी काढली त्याने मेहनत घेतली आहे. ज्यांना हसू का आलं हे कळलं नाही, त्या पाहुण्यांसाठी सांगतो.

ईश्वरदास हा तुळजाबाईचा एकुलता एक मुलगा. तुळजाबाई त्या तिथे बसल्या आहेत, हिरव्या काठाचं लुगडं. नवरा लवकर गेला. लोकांच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरून तिने पोर वाढवलं. माझ्याच वर्गात होता. गणितात कच्चा, पण आवाज असा की कविता म्हणायला उभा केला की शेजारचा वर्ग गप्प व्हायचा. तेराव्या वर्षी मी त्याला मंडळात घेतला. आमच्या खेळात बाईचं काम पुरुषच करतो, त्याला नाच्या म्हणतात. काही लोक हा शब्द शिवीसारखा वापरतात, मी तो आज या लाऊडस्पीकरवरून मानाने उच्चारतो. ईश्वरदास आमचा नाच्या होता. अंगावर लुगडं आणि नाकात नथ आली की तो चालायला लागायचा आणि म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, कोन्या घरची सून होय वं हे?

हे सगळं तो शिकला कुठे? माझ्याकडे नाही. मी फक्त गाणं शिकवलं. बाकी तो या मोहल्ल्यातल्या बायांकडून शिकला. कांड्यांची टोपली घेऊन आईबरोबर घरोघरी जायचा आणि पाहत बसायचा. कोण कशी पाणी भरते, कोण कशी रुसते, कोण सासूसमोर मान कशी खाली घालते. एकेकीचा आवाज हुबेहूब काढायचा. आमच्या रुख्माबाईंचा आवाज तर असा काढायचा की त्यांचा नवरा घाबरून उभा राहिला होता एकदा. रुख्माबाई त्याच्या मागे लाटणं घेऊन धावल्या होत्या, अख्ख्या मोहल्ल्याने पाहिलं आहे. ईश्वरदास आणि रुख्माबाईंचा मुलगा नानाजी, दोघे एका वयाचे, एका दिवशी भरती झालेले, एकाच कंपनीत गेलेले. पडद्यावरचा दुसरा फोटो नानाजीचा आहे. तो परत आला नाही आणि हाही आला नाही.

तर समितीने पाच घरांकडून फोटो मागवले. चार घरी गणवेशातले फोटो होते, भरतीनंतर काढून पाठवलेले. तुळजाबाईच्या घरी एकच फोटो होता. रामटेकच्या जत्रेत आमचा खेळ झाला होता, तिथे एका फिरत्या फोटोवाल्याने काढलेला. ईश्वरदास लुगड्यात, नाकात नथ, एक हात कमरेवर, मान थोडी तिरकी, आणि चेहऱ्यावर ते हसू. तुळजाबाईने तो फोटो धुतलेल्या फडक्यात गुंडाळून आणला आणि समितीच्या टेबलावर ठेवला. तिच्या मनात काहीच नव्हतं. मुलाचा फोटो मागितला, तिने मुलाचा फोटो आणला.

टेबलाभोवती बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी म्हणालं, दुसरा नाही का? कोणी म्हणालं, बाई, हा शहिदांचा कार्यक्रम आहे. तुळजाबाईला वाटलं फोटो खराब झाला आहे म्हणून नको म्हणतात. तिने पदराने काच पुसली. ती गेल्यावर चर्चा झाली. चार गणवेशांच्या शेजारी एक लुगडं कसं लावायचं? प्रमुख पाहुणे काय म्हणतील, वर्तमानपत्रवाले काय छापतील? रुख्माबाईंनीही निरोप पाठवला, आणि हे मी त्यांच्यासमोर, त्यांच्या परवानगीने सांगतो आहे, की माह्या पोराच्या बाजूले ते लुगडेवाली नको. मी विरोध केला. बहुमताने ठरलं की चित्रकाराकडून तोच चेहरा घेऊन खाली गणवेश काढून घ्यावा. चित्रकाराला चेहरा फार नाजूक वाटला असावा, म्हणून त्याने स्वतःच्या बुद्धीने वर मिशी काढली. समितीने ती पसंत केली.

गेल्या रविवारी हे पाच फोटो या शाळेत आले. मी तुळजाबाईला बोलावून आणलं. म्हटलं, समितीने तुमच्या मुलाचा फोटो मोठा करून घेतला आहे, या, पाहून घ्या. मला वाटलं होतं ती रडेल, चिडेल, काहीतरी बोलेल. ती दारातून आत आली. फोटो भिंतीला टेकवून ठेवले होते. तिने एकेक पाहिला, नानाजीच्या फोटोसमोर थांबून हात जोडले. शेवटच्या फोटोसमोर आली, आणि तिने पदर कपाळावर ओढून घेतला, मान खाली घातली आणि भिंतीच्या कडेने बाजूला सरकली. परपुरुषासमोर आपल्या बाया सरकतात तशी. मग मला हळूच विचारलं, "मास्तर, हे पावने कोन होय गा?"

माय-बहिणींनो, आणि साहेबांनो, मला त्या क्षणी जो राग आला तो अजून गेलेला नाही. आईने मुलाच्या फोटोसमोर पदर ओढला. याहून मोठा अपमान ब्रह्मदेशातल्या कुठल्या शत्रूने त्याचा केला होता, मला कोणी दाखवून द्यावं. पोरगा मेला त्याचा देह तिला मिळाला नाही. राख मिळाली नाही. राहिला होता चेहरा, तो आपण मिशीखाली बुजवला. आणि हे सगळं त्याच्या सन्मानासाठी.

मी तिला सांगू शकलो नाही की पाहुणे कोण आहेत. म्हटलं, अजून एक फोटो यायचा आहे. हे मी तिला दिलेलं वचन आहे, आणि माझ्या या शालीपेक्षा ते मला जड आहे.

आता रुपराव. हुडकेश्वरचे रुपराव शेतकरी आहेत, त्याच कंपनीत हवालदार होते. मागे सतरंजीवर खांबाला टेकून बसले आहेत. त्यांना पुढे बोलावू नका, ते येणार नाहीत. मी चार वेळा विनवलं, तर म्हणाले, मास्तर, मले फावडं मारता येते, भाषण नाही येत. समितीने माजी सैनिकांना आमंत्रण दिलं म्हणून ते परवाच बैलगाडीने आले आणि फोटो पाहायला गेले. नानाजीला त्यांनी लगेच ओळखलं. शेवटच्या फोटोकडे पाहून मला म्हणाले, हा आमच्या कंपनीतला नाही. मी खालचं नाव वाचून दाखवलं.  मग शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी जे सांगितलं ते मी तुम्हाला सांगतो. शब्द माझे, गोष्ट त्यांची.

पावसाचे दिवस होते. रस्त्याच्या कामावर बॉम्ब पडले. नानाजीच्या पोटाला लागलं. त्याला तंबूत आणलं, पण डॉक्टर डोंगराच्या पलीकडे होता आणि मधला पूल वाहून गेला होता. नानाजीला ताप चढला. तो आईला हाका मारायला लागला. तंबूत आणखी जखमी होते. एक जण हाका मारायला लागला की बाकीच्यांचा धीर सुटतो, असं रुपराव म्हणाले. कोणी त्याला पाणी पाजलं, कोणी देवाचं नाव घ्यायला सांगितलं. तो ऐकेना. माय, माय, एवढंच. ईश्वरदास दिवसभर चिखल काढून आला होता. तो त्याच्या उशाशी बसला. आणि रुख्माबाईंच्या आवाजात बोलला.

गोड गोड नाही बोलला. देवाघरच्या गोष्टी नाही केल्या. रुख्माबाई बोलतात तसं बोलला. "कुठं हिंडून राहिला होता गा इतका वेळ? भाकरी थंडी झाली. हात धू आन् पड आता गुपचूप."

रुपराव सांगतात, तंबूच्या दाराशी पहाऱ्यावर एक मद्रासी शिपाई होता, तो दचकून आत डोकावला, इथे बाई कुठून आली म्हणून. नानाजी शांत झाला. म्हणाला, हो माय, आलो. त्यानंतर त्याने हाक मारली नाही. पहाटेपर्यंत ईश्वरदास त्याला त्याच आवाजात रागवत राहिला, शेजारणीच्या चहाड्या सांगत राहिला, मोहल्ल्यातल्या भांडणांच्या गोष्टी सांगत राहिला, आणि बाकीचे जखमी ऐकत राहिले. सकाळी नानाजी गेला. आईजवळ गेला. मी असंच म्हणणार, कोणाला चूक वाटत असेल तर वाटो.

पुढे ईश्वरदासचं काय झालं? त्याच पावसाळ्यात रस्त्यावर दरड कोसळली, तिच्याखाली तो गेला. समितीत एका सभासदाने शंका काढली होती की दरडीखाली मेलेल्याला शहीद म्हणावं का. मी त्यांचं नाव घेत नाही, ते पहिल्या रांगेत आहेत आणि त्यांना माहीत आहे. त्यांनी कधी पावसात डोंगर खणून पाहावा.

रुपरावांनी ही गोष्ट इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. त्यांना वाटे, आईला असं काही सांगू नये. मी त्यांना रुख्माबाईंच्या घरी घेऊन गेलो. रुख्माबाई चरख्यावर कांडी भरत होत्या. ऐकताना हात थांबला नाही. शेवटी त्यांनी विचारलं, तो नेमका काय म्हणाला ते पुन्हा सांगा. रुपरावांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा चरखा थांबला. "हे तं मीच म्हणत होती त्याले. रोज," म्हणाल्या.  आम्ही उठलो तेव्हा मला म्हणाल्या, मास्तर, सभेत सांग. आणि तुळजीच्या पोराचा फोटो माह्या नानाच्या बाजूलेच लाव.

साहेब, ज्या आईचा विरोध होता तिचा विरोध संपला. मी ही सगळी हकीकत काल समितीला सांगितली. सर्वांचे डोळे पाणावले. चहा झाला. आणि ठरलं काय? की पत्रिका वाटल्या गेल्या आहेत, पाहुणे यायचे आहेत, तूर्त आहे तेच राहू द्यावं, पुढे पाहू. वकीलसाहेबांनी मला बाहेर बोलावून समजावलं. ते खोटं बोलत नव्हते. म्हणाले, मास्तर, माझी हरकत नाही, पण लोक हसतील. शहिदाच्या फोटोला लोक हसले तर बरं दिसेल का?

त्याचं उत्तर आज देतो.  साहेब, लोकांनी हसावं म्हणून तर तो नथ घालत होता. खेळात लोक हसले नाहीत तर तो जेवत नसे. लोक त्याच्या फोटोला हसले तर त्याला बरंच वाटेल. काही हसतील, काही रडतील, खडी गंमत बघायला आलेले लोक दोन्ही करतात, त्याचंच त्यांनी तिकीट काढलं आहे. आणि पाहुणे तो फोटो पाहून नाक मुरडतील असं आपण धरून चाललो आहोत. पाहुणे इथेच बसले आहेत. त्यांनी अजून एक शब्द काढलेला नाही. आपण आपल्याच भीतीला पाहुण्यांचं नाव दिलं आहे.

एक सांगायचं राहिलं. आपण म्हणतो देश स्वतंत्र झाला. म्हणजे काय झालं? इंग्रजाच्या वेळी आपली माणसं साहेबाला कशी दिसतील याची काळजी आपण करत होतो. लाजत होतो आपल्या बोलण्याला, आपल्या खेळाला, आपल्या पेहरावाला. साहेब गेला. मग आता आपण कोणासाठी मिशा चिकटवून राहिलो आहोत? पहा, जीभ घराकडे वळली. वळू द्या. आपल्याच मोहल्ल्यात, आपल्याच शाळेत, आपल्याच पोराला आपण त्याच्या चेहऱ्याने उभं राहू देत नसू, तर तो दगड उभारूच नका. चार नावं लिहा आणि पाचव्या जागेवर लिहा की इथल्या लोकांना लाज वाटली.

म्हणून मी आता एक गोष्ट जाहीर करतो. माझ्या एकट्याच्या मनची नाही, मंडळातल्या प्रत्येकाला विचारून आलो आहे. तो मिशीवाला फोटो उतरला नाही आणि तुळजाबाईच्या मांडीवर समितीकडून परत आलेला जो मूळ फोटो आहे तो नानाजीच्या शेजारी लागला नाही, तर आज खेळ होणार नाही. रामाजी ढोलकी घेऊन कोपऱ्यात बसला आहे. खेळाआधी कातडं ताठ व्हायला ती शेकावी लागते, त्याने ती अजून तापवलेली नाही. तापवणारही नाही. मग स्मारकाच्या मदतीचं काय, असं विचाराल. तुमची तिकिटं परत करायला मी स्वतः दारात उभा राहीन आणि प्रत्येकाला सांगेन की खेळ का झाला नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी चौकात खेळ करू, झोळी फिरवू, जे जमेल त्याचा दगड आणू. लहान असेल. पण त्याच्यावर खोटी मिशी नसेल.

पहिल्या रांगेतून कोणी उठत आहे असं दिसतं. जाणाऱ्यांना मी अडवत नाही. बसणाऱ्यांनी बसावं. सतरंजीवरची मंडळी, गडबड करू नका, ही सभा आहे, आणि सभा अजून अध्यक्षांच्या हाती आहे. साहेब, मी तुमचा अधिकार घेत नाही. मी विचारतो आहे. तुम्ही हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण पुढे पाहू म्हणू नका. ती बाई अकरा वर्षं पुढेच पाहून राहिली आहे.

नाही, लाऊडस्पीकर बंद करू नका. मी गप्प बसतो. साहेबांना विचार करू द्या.

आभारी आहे, साहेब. मान हलवली, मी पाहिलं, आणि सगळ्यांनी पाहिलं. टाळ्या नंतर. आधी तो फोटो उतरवा. सांभाळून, फेकू नका, चित्रकाराला परत द्यायचा आहे, तो सज्जन माणूस आहे. तुळजाबाई, या. रुख्माबाई, त्यांना हात द्या, पायरी उंच आहे. पडद्याचा बांबू बराच उंच आहे, कोणाचा हात पोचणार नाही. एखादं स्टूल पाहिजे.

अध्यक्षमहाराज, आपली खुर्ची? आपण उभे राहणार? बरं. मंडळी, अध्यक्षांनी स्वतःची खुर्ची दिली आहे. रुपराव, आता तरी या, भाषण करायचं नाही, चढायचं आहे. धरा रे कोणी खुर्ची.

लागला. तुळजाबाई काही म्हणत आहेत, थांबा, ऐकू द्या. मागच्यांना ऐकू आलं नसेल म्हणून मी सांगतो. त्या रुपरावांना म्हणाल्या, "थोडा आणखी वर लाव गा, बाबू. मांगच्यायले बी दिसला पाह्यजे."

लावा, वर लावा.

अध्यक्षमहाराज, पाहुणे, समितीचे सभासद, आपण माझं ऐकून घेतलंत, आपला मी मनापासून ऋणी आहे. या मास्तराची जीभ लांब आहे. बोलण्याच्या भरात कोणाला मान द्यायचा राहिला असेल, कोणाला शब्द लागला असेल, त्या सर्वांची हात जोडून माफी मागतो. या फोटोबद्दल मात्र मागत नाही.

रामाजी, ढोलकी तापव.